उसनी पाठ

पाठ किती वाकते ते नोंदवणारी चकती कुठे लावायची हे हॉस्पिटलने ठरवलेलं होतं आणि सगळी अडचण तिथेच होती. ती लावायची होती कण्याच्या अगदी खालच्या मणक्यांवर. साडी नेसली तर ब्लाउज संपल्यावर जी चार बोटं पाठ उघडी राहते, नेमकी तिथे. आणि आठ दिवस ती काढायची नव्हती.

एरवी केतकी म्हेत्रेला साडी नेसायची वेळ क्वचितच येई. मिरजेच्या आसपासच्या शेतकऱ्यांना ती द्राक्षाची कलमं बांधून देत असे. जंगली वेलाचा खुंट जमिनीलगत कापायचा, त्याला चीर द्यायची, तीत द्राक्षाची काडी पाचरीसारखी बसवायची आणि वरून प्लास्टिकची फीत घट्ट गुंडाळायची. शेतीतली बरीचशी कामं आता यंत्रं करत असली, तरी कलम बांधणारं यंत्र कुणाला नीट जमलेलं नव्हतं. खुंट घोट्याएवढाच उंच, म्हणून बांधणाऱ्याची पाठ दिवसभर कमानीसारखी वाकलेली. केतकी स्वतःच्या टोळीबरोबर ओळीत बसून बांधायची. शर्ट, पँट आणि डोक्याला रुमाल हा तिचा वेष. पण त्या रविवारी जतचे पाहुणे तिला बघायला येणार होते आणि तिच्या आईने, सुलभाबाईंनी, साडी आधीच इस्त्री करून ठेवली होती.

केतकीला सोरायसिस होता. कोपरांवर, केसांच्या कडेला आणि कमरेवर लाल, खवल्यांचे चट्टे. असं ज्यांना असतं त्यांतल्या काहींना पुढे त्याचाच संधिवात होतो आणि त्यांतल्याही काहींच्या तो कण्यात शिरतो, तसा केतकीच्याही शिरला होता. स्नायुबंध जिथे हाडाला चिकटतात त्या जागा सुजतात. सूज वर्षानुवर्षं राहिली की शरीर तिथे नवं हाड घालू लागतं आणि मणके एकमेकांना जोडले जातात. जोडलेला कणा पुन्हा सुटा होत नाही.

सूज म्हणजे शरीरातल्या पेशींनी एकमेकींना पाठवलेले चुकीचे निरोप. जैविक औषधं, म्हणजे बायोलॉजिक्स, हे निरोप वाटेत अडवतात. एक गट टीएनएफ नावाचा निरोप अडवतो, दुसरा सतरा क्रमांकाचा इंटरल्युकिन, तिसरा तेवीस क्रमांकाचा. केतकीला पूर्वी आतड्याची सूज येऊन गेली होती, म्हणून सतराचं औषध तिला चालणार नव्हतं. उरली दोन. तेवीसचं औषध त्वचा जवळजवळ कोरी करी. पण ते कण्यावर काम करतं की नाही यावर डॉक्टरांत वर्षानुवर्षं वाद चालू होता. टीएनएफचं औषध कण्याला चांगलं. पण काही थोड्या लोकांत त्याने त्वचा उलट जास्तच पेटते, आणि केतकीच्या पेशी त्या थोड्यांतल्या निघाल्या होत्या.

हे तिच्या पेशींवरून आधीच कळू लागलं, हीच त्या काळातली नवी गोष्ट. रक्तातल्या पेशींपासून रुग्णाचंच इवलंसं हाड, स्नायुबंध आणि त्वचा काचेच्या पट्टीवर वाढवायची. त्याला सगळे काचेतला कणा म्हणत. पण नुसत्या वाढवलेल्या कण्याला सूज येत नसे. सूज ताणाने जागी होते. म्हणून रुग्णाने आठ दिवस पाठीवर चकती लावायची. कणा कधी, किती वाकला ते ती नोंदवी आणि त्याबरहुकूम यंत्र काचेतल्या स्नायुबंधाला ओढी. त्यावर एकेक औषध घालून पाहिलं की कोणतं कामाचं ते दिसे.

केतकीचे वडील उमाकांतराव कॉलेजातून ग्रंथपाल म्हणून निवृत्त झाले होते. मुलीच्या आजाराबद्दल मिळेल ते त्यांनी वाचलं होतं आणि वाचून वाचून त्यांना स्वतःचं मत उरलं नव्हतं. एक शोधनिबंध वाचला की तेवीस बरोबर वाटे, दुसरा वाचला की टीएनएफ. मनातून मात्र त्यांना तेवीस हवं होतं. मुलीची त्वचा कोरी व्हावी असं त्यांना वाटे, आणि तसं वाटतं याची लाजही वाटे.

रविवारी सकाळी केतकीने चकती काढून डबीत ठेवली आणि डबी वडिलांच्या हातात दिली. आठवडा बदलून मागता आला असता, पण हंगाम सुरू होता आणि हॉस्पिटलची पुढची तारीख लांब होती. ती म्हणाली, नोंदीत खंड पडेल तो पडू दे. परत करताना सांगून टाकू.

सांगून टाकू हे तिला सोपं होतं. उमाकांतरावांना ते काउंटर दिसू लागलं, तिथली तरुण मुलगी दिसू लागली आणि ती विचारणार, का काढली? मग काय सांगायचं? मुलगी दाखवायची होती म्हणून? पाहुण्यांपासून लपवायची होती म्हणून? आयुष्यभर पुस्तक उशिरा परत करणाऱ्यांना त्यांनीच कधी कारण विचारलं नव्हतं, आपल्याला संकोच होतो म्हणून. ते आतल्या खोलीत गेले, आरशाला पाठ करून उभे राहिले आणि चकती स्वतःच्या कमरेवर चिकटवली. खंड पडला तर सगळी तपासणी वाया जाईल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. चकती कणा किती वाकतो एवढंच मोजत असे. पाठ कुणाची हे तिला कळत नसे.

पाहुणे आले, पोहे झाले, कुठून कुठे नातं लागतं ते काढून झालं. मुलाचे मामा उमाकांतरावांना म्हणाले, "तुम्ही फारच ताठ बसलाय, मास्तर. बघायला आम्ही आलोय, तुम्ही नव्हे." सगळे हसले. उमाकांतरावही हसले आणि तसेच ताठ बसून राहिले. पाहुणे गेल्यावर चकती डबीतून परत केतकीच्या पाठीवर गेली.

पाहुण्यांना मुलगी आवडली आणि मंगळवारी त्यांनी सगळ्यांना जतला जेवायला बोलावलं. चकती पुन्हा डबीत गेली, डबीतून पुन्हा उमाकांतरावांच्या पाठीवर. परतताना कवठेमहांकाळजवळ केतकी उतरली. तिथल्या एका बागेत टोळी तिची वाट पाहत होती. पिशवीतले कामाचे कपडे घालून ती थेट ओळीत बसली आणि मुक्कामालाही तिथेच राहिली. संध्याकाळी फोनवर म्हणाली, "चकती घरीच राहिली, अप्पा. असू दे. परत देताना तुम्ही तेवढं सांगा."

त्यांनी बरं म्हटलं. आता काढावी हे त्यांना कळत होतं. त्यांनी ती काढली नाही. केतकी बागेत वाकून कलमं बांधत होती आणि तिच्या नावाची नोंद घरात आरामखुर्चीत बसून पुस्तक वाचत होती. आठवा दिवस संपला तसे ते हॉस्पिटलात गेले. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, काही अडचण आली का? ते म्हणाले, नाही.

दोन तज्ज्ञांचं मत जुळलं नाही, तर रुग्ण आणि घरच्यांसमोर बसून वाद करायचा अशी त्या हॉस्पिटलची पद्धत होती. महिन्याने बैठक झाली. त्वचेचे डॉक्टर पाटणकर हसतमुख, उंच. संधिवाताच्या डॉक्टर बेनझीर मुजावर बुटक्या, चष्मा कपाळावर ठेवायची सवय असलेल्या. म्हेत्रे कुटुंब तिघंही आलं होतं.

पाटणकरांनी सांगितलं की काचेतला कणा तेवीसच्या औषधाने पूर्ण शांत झाला आहे. म्हणजे त्वचा आणि पाठ दोन्ही एकाच इंजेक्शनात. सुलभाबाईंनी हात जोडले.

मुजावरांना ते पटत नव्हतं. कण्याच्या शुद्ध संधिवातात हे औषध पूर्वीच्या चाचण्यांत अपयशी ठरलं होतं, याची त्यांनी आठवण करून दिली. पाटणकर म्हणाले, तो आजार वेगळा. सोरायसिसच्या कण्यात काही रुग्णांना आराम पडलेला दिसतोच की. मुजावर म्हणाल्या, आराम पडला असं रुग्ण सांगतात. मणके जोडले जायचे थांबले असं अजून कुणी दाखवलेलं नाही. "आणि हिचा एमआरआय बघा. खालचे दोन्ही सांधे पेटलेत. असा कणा काचेत इतका गप्प कसा बसतो?"

"कारण ताणच कमी आहे," पाटणकर म्हणाले. त्यांनी पडद्यावर आलेख आणला. सुरुवातीच्या दिवसांत मोजकी उंच शिखरं, पुढे जवळजवळ सपाट. "कामाचे दिवस मोजके दिसतात. बाकी बैठं आयुष्य आहे."

केतकी म्हणाली की तिचं बैठं आयुष्य नाही. ती दिवसभर वाकलेली असते.

पाटणकर मायेने म्हणाले की दुखत असलं की माणसाला केलेलं काम जास्त वाटतं. त्यात कुणाची चूक नसते. म्हणूनच हल्ली आपण सांगण्यावर जात नाही, नोंदीवर जातो.

केतकीने आलेखाकडे नीट पाहिलं. "रविवारी आणि मंगळवारपासून पुढे मी चकती काढली होती. तो खंड धरलाय ना?"

"खंड नाहीच कुठे. नोंद सलग आहे."

ती वडिलांकडे वळली. "तुम्ही सांगितलं होतं ना, अप्पा?"

उमाकांतरावांनी मान हलवली. सांगितलं होतं, अशी. ती हलली तेव्हा ती आपलीच आहे यावर त्यांचा विश्वास बसला नाही.

केतकीने हात मांडीवर उलटे करून पाहिले. नखं खरवडलेली, बोटांवर फितीचे वळ. ते हात खरे की पडद्यावरची रेघ खरी, असं ती ठरवत असावी. सुलभाबाईंनी तिच्या खांद्यावर थोपटलं आणि हळूच म्हणाल्या की दमत असशील म्हणून तसं वाटत असेल, बाळा. मुलीवर आता सगळ्यांचाच अविश्वास होता, आणि सगळे तिच्याशी फार चांगलं वागत होते.

मुजावरांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि आलेखाचा सपाट भाग मोठा केला. त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "तासन् तास एका जागी. मधूनच बारीकशी हालचाल, दर वेळी तेवढीच, उजव्या बाजूला. पान उलटावं तशी."

केतकीची मान वर झाली. तिने वडिलांकडे पाहिलं आणि काहीच बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं उमाकांतरावांना वाटलं. ती थांबली होती. घरात कुणी काही सांगायचं म्हणून अडखळलं की ती अशीच थांबायची.

"ती माझी पाठ आहे," उमाकांतराव म्हणाले.

कुणाला ऐकू गेलं नाही. पाटणकरांनी "काय म्हणालात?" असं विचारल्यावर त्यांना ते पुन्हा, मोठ्याने म्हणावं लागलं. मग पाहुणे, साडी, डबी, बाग आणि काउंटरवरची मुलगी हे सगळं त्यांनी सांगितलं. आत्ता मान हलवली तीही खोटीच, हेही त्यांनी सांगितलं. सुलभाबाई म्हणाल्या, "अहो, काय बोलताय तुम्ही." पण त्यांना ते पटलेलं होतं, कारण त्या दिवसांत नवरा सदरा घातल्याशिवाय खोलीबाहेर आला नव्हता.

पाटणकरांना हसू आवरलं नाही आणि नंतर त्यांना स्वतःचीच लाज वाटून ते खोकले. मुजावर हसल्या नाहीत. त्या केतकीला म्हणाल्या, "आम्ही तुमच्यावर विश्वास ठेवायला हवा होता. पुन्हा आठ दिवस लावाल?"

केतकी हो म्हणाली.

घरी जाताना ती पुढच्या सीटवर बसली. नंतरच्या दिवसांत ती वडिलांशी भांडली नाही, रागावली नाही. जेवायला या, पाणी आलंय, दार लावून घ्या, एवढं बोलत राहिली. उमाकांतरावांनी एकदा क्षमा मागायचा प्रयत्न केला तेव्हा ती म्हणाली, "अप्पा, त्या खोलीत पाचेक मिनिटं मला वाटलं की मी आळशी आहे. दुखणं माझ्या डोक्यात आहे. मला माझीच खात्री नव्हती. त्याचं काय करू ते मला अजून कळत नाहीये." पुस्तकातही उमाकांतरावांचं मन लागेना. पान उलटायला हात गेला की ते थांबत.

चकती या वेळी केतकीच्याच पाठीवर राहिली, बागेतल्या मातीसकट. जतच्या लोकांचा होकार आला होता. मुलगा बरा होता. त्याचं म्हणणं एवढंच होतं की लग्नानंतर बागांतून हिंडणं सोडून तिने त्यांच्या दुकानाचा हिशेब बघावा. सुलभाबाईंनी उत्तर राखून ठेवलं होतं, बैठक होईपर्यंत.

दुसऱ्या बैठकीत टेबलावर दोन काचपट्ट्या होत्या. दोन्ही केतकीच्याच पेशींच्या. एक वडिलांच्या आठवड्याने ओढलेली, दुसरी तिच्या. दुसरी सुजलेली होती. तेवीसच्या औषधाने तिच्यावरची त्वचा स्वच्छ झाली होती. पण स्नायुबंधाची सूज उतरली नव्हती आणि कडेला नव्या हाडाचे कण धरू लागले होते. टीएनएफने ती सूज पूर्ण उतरवली होती, आणि त्वचेवर लाल चट्टे उठवले होते.

मुजावरांच्या दृष्टीने वाद संपला होता. पाटणकर मात्र पहिली काचपट्टी हातात घेऊन बसले होते. ते म्हणाले की ही चुकून झाली खरी, पण हीसुद्धा खोटी नाही. पेशी हिच्याच आहेत. ही पट्टी सांगते की केतकीने शांत, बैठं आयुष्य काढलं, तर हिला तेवीसचं औषध पुरेल. कणाही वाचेल आणि त्वचाही. अशी तुलना आपण मुद्दाम कधी केली नव्हती. "फक्त काम बदलायचं. वाकायचं नाही."

सुलभाबाईंचा चेहरा उजळला. "जतला हिशेबाचंच काम आहे," त्या म्हणाल्या. "बसून करायचं. खुर्ची-टेबल आहे. देवानेच घडवून आणलं म्हणायचं सगळं."

उमाकांतरावांची चूक आता कुणाच्या तरी उपयोगाची ठरत होती आणि ते त्यांना आधीच्या लाजेपेक्षा वाईट वाटलं. त्यांनी त्या पट्टीकडे पाहिलं. चिमूटभर जिवंत ऊती, शांत, न दुखणारी, महिनोन्‌महिने एका जागी बसलेली. तिच्यात त्यांना स्वतःचं सगळं आयुष्य दिसलं. घंटा वाजल्यावर उघडायचं कपाट आणि वाजल्यावर मिटायचं. कुणाशी वाद नको म्हणून न बोललेली वाक्यं. दुसऱ्यांनी केलेल्या गोष्टी वाचत काढलेल्या दुपारी. ते कधी इतक्या लोकांसमोर बोलले नव्हते, पण बोलले.

"हे आयुष्य मी जगलोय, डॉक्टर. ते दुखत नाही, हे खरं आहे. पण ते मी हिला देणार नाही. हिला टीएनएफ द्या. चट्टे राहिले तर राहू देत. आम्हाला त्याची लाज वाटणार नाही."

मुजावर त्यांच्याकडे आदराने बघत होत्या. उमाकांतरावांना कित्येक दिवसांत पहिल्यांदा छातीत मोकळं वाटलं.

"अप्पा," केतकी म्हणाली. तिचा आवाज वर गेला नव्हता. "तुम्ही परत माझ्या जागी बसलात."

त्यांना आधी कळलं नाही. मग कळलं. चट्टे कुणाचे, पाठ कुणाची, आणि लाज वाटणार नाही हे सांगणारे आपण कोण. छातीतलं मोकळं वाटणं जसं आलं तसं गेलं.

केतकीने दोन्ही डॉक्टरांना विचारलं की तिला घरच्यांशिवाय बोलायला मिळेल का. सुलभाबाई काही म्हणणार होत्या, पण उमाकांतराव उठले आणि त्यांनी दार उघडून धरलं. दोघं बाहेर येऊन बाकावर बसली.

दाराला काच होती. आत केतकी बोलत होती आणि डॉक्टर ऐकत होते. तिने एकदा दोन्ही हात पुढे करून काही दाखवलं. कदाचित काडी खुंटात कशी बसते ते, कदाचित चट्टे. एकदा पाटणकर काही म्हणाले आणि ती बराच वेळ खाली बघत राहिली. काय चाललंय याचा अंदाज करायची उमाकांतरावांची जुनी खोड होती. ती त्यांनी प्रयत्नाने थोपवली आणि समोरच्या भिंतीकडे बघत बसले. सुलभाबाई म्हणाल्या, "जतला काय सांगायचं?" ते म्हणाले, "तिला विचारू."

बऱ्याच वेळाने केतकी बाहेर आली. पिशवी खांद्यावर घेतली, चला म्हणाली आणि पुढे चालू लागली. आई लिफ्टकडे गेली तेव्हा ती जिन्यापाशी थांबली. वडील हळूहळू येत होते.

"काय ठरलं विचारत नाही?"

"तुला सांगावंसं वाटलं तर सांग."

ती एक पायरी उतरली, कठड्याला धरून, पाठ सांभाळत.

"या औषधाआधी क्षयाची तपासणी करावी लागते, ती उद्या. ती ठीक आली की टीएनएफ. जतला फोन मी करते, चट्ट्यांसकट सगळं सांगून. मग त्यांनी ठरवावं, आणि दुकानाचं मी ठरवेन." ती थोडं थांबली. "आणि हे तुम्ही म्हणालात म्हणून नाही."

"नाही," उमाकांतराव म्हणाले.

"मला त्याची लाज वाटते. वाटणारच. तरी घेणार आहे."

ते तिच्या मागून, तिच्या चालीने, एकेक पायरी उतरत राहिले.